चष्मा घरी राहिलाय हो! वाचता न येणारा पेशंट, दवाखाना आणि मेडिकल: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावी गेली १९ वर्षं मेडिकल चालवतेय. काउंटरच्या ह्या बाजूला उभं राहिलं की जे दिसतं ते डॉक्टरांना केबिनमधे बसून दिसत नाही, आणि पेशंटच्या घरच्यांना तर त्याहून कमी. नवीन लागलेल्या नर्सबाई, आशाताई, पुण्या-मुंबईला नोकरी करणारी पोरं, सगळे फिरून फिरून तेच विचारतात म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. क्रम वगैरे लावलेला नाहीये, आठवलं तसं लिहिलंय.

आता कोण राहिलंय हो अडाणी? सगळ्यांच्या हातात मोबाईल आहे की!

मोबाईल आहे, पण बघा तो वापरतात कसा. व्हॉइस मेसेज पाठवायचा, फोटो बघून फोन लावायचा, व्हिडिओ बघायचा, ह्यात वाचायचं काहीच नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर आहे, बायकांची ७६ च्या आसपास आणि नंदुरबार जिल्हा सगळ्यात खाली, ६४ च्या आसपास. नंतरची जनगणना लांबली त्यामुळे अजून हेच आकडे फिरतायत. आणि हा आकडा ठरतो कसा, तर सात वर्षांच्या वरच्या माणसाला कुठल्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येतं का एवढं विचारायचं, आणि घरात जो कोणी भेटेल तो सगळ्यांचं सांगतो, कोणाच्या हातात कागद देऊन वाचून दाखवा म्हणत नाहीत. त्यामुळे सही करता येणारी, एसटीची पाटी ओळखणारी पण चार ओळी वाचल्या की दमणारी माणसंसुद्धा साक्षरातच मोडतात.

दुसरं म्हणजे गोळ्यांची स्ट्रिप. नाव कधीकधी देवनागरीत असतं, बाकी सगळं बारीक इंग्रजीत, तेही चांदीच्या कागदावर चमकणारं. माझे चुलतसासरे रोज पहाटे पोथी वाचतात, अक्षर मोत्यासारखं, पण स्ट्रिप हातात दिली की तेही अडाणीच. म्हणजे हा प्रश्न फक्त 'त्यांचा' नाहीये, काउंटरवर येणाऱ्या निम्म्या लोकांचा आहे.

पेशंटला वाचता येत नाही हे ओळखायचं कसं? तोंडावर विचारलं तर राग येईल ना?

येईल, आणि का येऊ नये. एक मावशी माझ्याकडे चार वर्षं यायच्या, बीपीच्या गोळ्यांसाठी. दर वेळी कागद पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "तूच बघ गं बाई, चष्मा घरी राहिलाय." मी काउंटरवर जवळचे चष्मे विकायला ठेवते, एक डबाच आहे. एकदा मला वाटलं आपण मदत करतोय, डब्यातला एक काढला आणि दिला, म्हटलं हा लावून बघा. त्यांनी लावला. कागद घेतला. बराच वेळ बघत राहिल्या, आणि कागद उलटा होता. मागे चार माणसं उभी होती. मी पटकन कागद ओढून घेतला आणि काहीतरी बोलले, पण त्यांच्या कानशिलापर्यंत चढलेली लाज मला दिसली. पुढचे दोन महिने त्या आल्या नाहीत, दुसऱ्या मेडिकलात जायच्या.

तेव्हापासून मी विचारतच नाही. चष्मा विसरणं, फॉर्म घडी करून "घरी जाऊन भरते" म्हणणं, प्रत्येक वेळी नातवाला बरोबर आणणं, नाव न वाचता स्ट्रिप फिरवून गोळीचा रंग बघणं, ह्या खुणा आहेत. पण खुणा शोधत बसण्यापेक्षा सोपं म्हणजे सगळ्यांना सरसकट सारखंच सांगायचं. मी हायस्कूलच्या सरांनासुद्धा पाकिटावर खूण करून देते. ते हसतात, पण दुसऱ्या गिऱ्हाईकाला वाटत नाही की आपल्यालाच वेगळं काढलं.

वाचता येत नाही म्हणजे सांगितलेलंही कळत नाही असंच ना?

नाही नाही नाही. ह्याच मावशींच्या बचत गटात कोणाचा किती हप्ता राहिला ते त्यांना तोंडपाठ असतं, सेक्रेटरीबाई वही उघडेपर्यंत ह्यांचा आकडा सांगून होतो.

आपल्याच राज्यात पुरावे आहेत की. १९७० मधे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्यांनी जामखेडला काम सुरू केलं तेव्हा गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून ज्या बायका तयार केल्या त्यातल्या कितीतरी जणी शाळेची पायरी न चढलेल्या होत्या, आणि त्यांनी बाळंतपणापासून जुलाबापर्यंत सगळं सांभाळलं. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी तर दाईंसाठी श्वास मोजायचं एक साधन बनवलं, एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. लहान बाळाला न्यूमोनिया आहे का हे श्वासावरून कळतं, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षाच्या आत ५० किंवा जास्त झाले तर धोका. आता ज्या बाईला साठपर्यंत मोजता येत नाही तिने काय करायचं, तर दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. म्हणजे बाईला बदलायच्या ऐवजी साधन बदललं. मला ही गोष्ट फार आवडते, मी कोणालाही पकडून सांगते.

आणि ते 'अंगठाबहाद्दर' म्हणणं बंद करा राव, दवाखान्यात तर नकोच.

नेमक्या चुका होतात तरी कुठे?

माझी स्वतःची आधी सांगते. दुकान नवीन होतं, एका बापाला पोरासाठी अँटिबायोटिकचं कोरडं सिरप दिलं, तेच ते बाटलीत पावडर असते ते. म्हटलं, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घाला आणि हलवा. खूण म्हणजे काय, लेबलवरचा एक इवलासा बाण. त्याला तो दिसला नाही, त्याने बाटली गळ्यापर्यंत भरली. औषध पातळ झालं, ताप काही उतरेना, तिसऱ्या दिवशी तो चिडून आला की औषधच नकली आहे. बाटली बघितली आणि माझ्या लक्षात आलं. आता मी ते पाणी काउंटरवरच घालून, हलवून, झाकण लावून देते आणि आज अमका वार, पुढच्या ह्याच वारी उरलेलं फेकायचं असं सांगते.

बाकी नेहमीचे घोळ म्हणजे दम्याची ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणं (हे तुम्हाला वाटतं तितकं क्वचित होत नाही), खाली (योनीत) ठेवायची गोळी तोंडाने घेणं कारण सांगणाऱ्याला 'कुठे' हे बोलायची लाज वाटली, कानाचे थेंब डोळ्यात. चमच्याचं तर विचारूच नका, कोणाचा चमचा चहाचा, कोणाचा पोह्याचा, म्हणून बाटलीबरोबरचं माप हरवलं असेल तर मी फुकट देते.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकदमच टाकायचं असतं. लोक काय करतात, एका ग्लासात सगळं टाकतात नाहीतर लागेल तसा चमचा-चमचा काढतात, आणि जास्त घट्ट झालं तर बाळाचे जुलाब वाढतात. छोटं पाकीटही मिळतं, ते २०० मिलीला, त्यामुळे घोळ अजून वाढलाय. मी सरळ रिकामी लिटरची बाटली दाखवते आणि म्हणते ही भरून घ्या, त्यात हे पूर्ण.

दोन गोष्टींना मात्र मी घाबरते. एक, सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्झेट नावाची गोळी देतात ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेततं. तिचं नाव मी सांगतच नाही, 'सोमवारची गोळी' म्हणते, किंवा डॉक्टरांनी जो वार दिला असेल तो. दुसरी इन्सुलिनची सिरिंज, लाल टोपणाची ४० च्या (म्हणजे एका मिलीत ४० युनिट) बाटलीसाठी, केशरी टोपणाची १०० साठी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने त्याच रेघेपर्यंत ओढलं तर अडीच पट जातं आणि माणूस बेशुद्ध पडतो. इथे वाचता येऊनही लोक चुकतात, कारण दोन्हीवर आकडेच असतात. रंग मात्र अडाण्यालाही कळतो, म्हणून रंग सांगायचा.

आणि जे सांगायचं राहून जातं तेही चूकच. टीबीच्या गोळ्यांनी लघवी लालसर-केशरी होते, लोहाच्या गोळ्यांनी शी काळी होते. आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून गोळ्या बंद करतो, आणि टीबीत बंद करणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

डॉक्टरांनी १-०-१ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) लिहिलंय की स्वच्छ, अजून काय पाहिजे?

वाचणं आणि करणं ह्यात अंतर असतं. अमेरिकेत २००६ मधे छापून आलेला एक अभ्यास आहे, जवळपास ४०० पेशंट होते, लेबलवर लिहिलेलं 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा'. कमी वाचता येणाऱ्यांपैकी ७१ टक्के लोकांनी ते बरोबर वाचून दाखवलं, पण दिवसाच्या किती गोळ्या होतात त्या मोजून दाखवा म्हटल्यावर फक्त ३५ टक्क्यांना जमलं. तेही इंग्रजी बोलणाऱ्या देशात इंग्रजी लेबलवर.

आपल्याकडे तर गंमत वेगळी. चिठ्ठीवर बीडी लिहिलेलं असतं, म्हणजे दिवसातून दोनदा, कंपाउंडरने ते तसंच मोठ्याने वाचलं आणि एक काका मला विचारत होते की डॉक्टरांनी बिडी प्यायला सांगितली का खरंच. एसओएस म्हणजे 'लागली तरच घ्या', पण लोकांना वाटतं काहीतरी सिरियस आहे.

आणि 'उपाशीपोटी' हा शब्द जरा जपून वापरा. एका आजींना थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्या असं सांगितलं होतं, त्यांनी तीन महिने फक्त सोमवारी घेतली, कारण सोमवारी त्यांचा उपास. रिपोर्ट काही सुधारेना, डॉक्टर डोस वाढवायला निघाले होते. मी म्हटलं, आजी, अनशापोटी, रोज, चहाच्या आधी अर्धा तास. "मग असं मराठीत सांगा की," म्हणाल्या.

म्हणून घड्याळ नको, त्यांचा दिवस विचारा. सकाळची दहाची एसटी, धार काढायची वेळ, शाळा सुटल्याची घंटा, संध्याकाळचा दिवा. कांदा लागवडीच्या दिवसात बायका अकरालाच भाकरी खाऊन घेतात, त्यांना 'दुपारी दोनला जेवल्यावर' सांगून काय फायदा?

चित्रं काढून दिली की झालं ना?

बऱ्यापैकी होतं, पण चित्रंसुद्धा शिकावी लागतात. छापील पाकिटावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र असतो. उगवता आणि मावळता सूर्य चित्रात सारखाच दिसतो हे ते छापणाऱ्याच्या लक्षात आलेलं नसतं. चंद्र दाखवल्यावर एक मावशी म्हणाल्या, "मग अमुशाला घ्यायची नाही का?" त्या माझी चेष्टा करत होत्या, पण मी चंद्राच्या शेजारी तेव्हापासून अंथरूण काढते. माझी चित्रकला भयंकर आहे, चालतं.

स्केचपेनची रंगीत रेघ जास्त चालते, स्ट्रिपवरच, सकाळची लाल, रात्रीची निळी. पण कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो, मग पेशंट जुनी पांढरी पण घेतो आणि नवी गुलाबीही घेतो, औषध एकच आणि डोस डबल. जेनेरिक घेताना हे होतंच, गोळी चांगलीच असते, पण देणाऱ्याने "ही त्या पांढरीच्या जागी" असं म्हणायला पाहिजे आणि जुनी स्ट्रिप घरून आणायला सांगायला पाहिजे.

"समजलं का?" विचारतो की आम्ही प्रत्येकाला.

आणि प्रत्येकजण "हो" म्हणतो. डॉक्टरसाहेबांना नाही कोण म्हणणार? त्याऐवजी असं विचारा, "घरी गेल्यावर सूनबाईला काय सांगाल?" किंवा "मी नीट सांगितलं का बघते, कशी घेणार सांगा बरं." चूक आपल्या अंगावर घ्यायची, परीक्षा घेतल्यासारखं वाटू द्यायचं नाही. इंग्रजीत ह्याला टीच-बॅक म्हणतात, आपल्याकडे कीर्तनकार मधेच थांबून "काय म्हणालो मी?" विचारतात ना, तसंच. ओपीडीत शंभर पेशंट असताना डॉक्टरांना एवढा वेळ नसतो हे मान्य, मग नर्सबाईंनी करावं, आम्ही करावं. मिनिटभर जातो. फोन असेल तर मी त्यांच्याच फोनवर रेकॉर्ड करून देते, "लाल रेघेची सकाळी एक, निळ्या रेघेची झोपताना अर्धी". ऐकून घेतात परत परत.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे चांगलं ना?

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. टीव्हीवर 'पॉझिटिव्ह राहा' ऐकून लोकांना वाटतं बरं झालं. पॉझिटिव्ह म्हणजे 'जे शोधत होतो ते सापडलं'. असंच सांगा, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणूच नका.

ऑपरेशनच्या कागदावर अंगठा घेतला की काम झालं, असं हॉस्पिटलवाले म्हणतात. बरोबर आहे का?

नाही. २००८ मधे समीरा कोहली केसमधे सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की संमती खरी पाहिजे, म्हणजे काय करणार, का करणार, धोके काय, दुसरे पर्याय काय हे पेशंटला पुरेसं सांगून घेतलेली. त्या केसमधे तर तपासणीसाठी भूल दिली होती आणि मोठं ऑपरेशन करून टाकलं, तेव्हा कोर्ट म्हणालं की तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे. त्यामुळे फॉर्म इंग्रजीत असेल तर "आमच्या भाषेत वाचून दाखवा, मग अंगठा" असं बिनधास्त म्हणा. मला झालंय काय, मी काय करायचं, ते का करायचं, एवढे तीन प्रश्न पेशंटने विचारले तरी खूप होतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार असतील तर हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेले असतात, कागदपत्रांचं त्यांना विचारायचं, लाजायचं नाही. घरबसल्या सल्ला पाहिजे तर १०४ ला फोन लावा, अँब्युलन्सला १०८.

पेशंटला मराठीच येत नसेल तर?

मेळघाटात कोरकू, धडगावकडे पावरी-भिलोरी, भामरागडला माडिया, तिथे आपली पुस्तकी मराठी म्हणजे जवळपास इंग्रजीच. आशाताई किंवा गावातली बाई मधे असावी. पोराला दुभाष्या करू नका. अंगावरून जाण्याचा त्रास दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून सांगायला कुठली आई तयार होईल? ती मग 'पोट दुखतंय' म्हणते आणि पोटाच्या गोळ्या घेऊन घरी जाते.

आम्ही अमेरिकेत असतो, आई-बाबा इकडे आलेत, त्यांचं इंग्रजी जेमतेम...

तिथे सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला दुभाष्या फुकट द्यावाच लागतो, अपॉइंटमेंट घेतानाच 'मराठी' सांगा, 'हिंदी चालेल' म्हणून सोडून देऊ नका. आणि तुम्ही स्वतः भाषांतर करायला बसलात की बाबांचं अर्धं दुखणं तुम्ही 'काही नाही हो डॉक्टर' करून टाकता, माहितीये मला.

आईला आता साठीत शिकवून काय उपयोग?

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, गुलाबी नऊवारीत साठ ते नव्वदीच्या आज्या पाटी घेऊन बसतात, साठीचं काय घेऊन बसलात! सरकारचा उल्लास नावाचा कार्यक्रम आहे, २०२२ ते २०२७, पंधरा वर्षांच्या वरच्या कोणालाही, शिकवणारे स्वयंसेवक. शेवटी १५० मार्कांची परीक्षा असते, वाचन, लेखन आणि आकडेमोड. महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ ला झाली तेव्हा झेडपीच्या शाळांत सासू-सुना एका बाकावर बसल्या होत्या.

पण मधुमेह काही परीक्षेची वाट बघत नाही, म्हणून शिकवायचंच असेल तर आधी आकडे शिकवा, मग स्वतःचं नाव, म्हणजे रिपोर्ट आपलाच आहे का ते बघता येईल, मग एक्सपायरीचा महिना-वर्ष. बाराखडी नंतर.

चष्म्यावाल्या मावशी परत येतात आता, शेजारची कॉलेजची पोरगी त्यांना शिकवते. अजून चिठ्ठी माझ्याकडेच देतात. मात्र परवा बिल हातात घेऊन म्हणाल्या, "एकशे ऐंशी? मागच्या वेळी एकशे बासष्ट होते." बरोबर होतं, कंपनीने भाव वाढवलाय.

एवढं सगळं विचारलं तर मेडिकलवाले चिडत नाहीत का?

चिडतात. मीही चिडते. संध्याकाळी सहा ते आठ दवाखाने सुटल्यावर जी झुंबड असते त्यात कोणालाच काही नीट सांगून होत नाही, आणि बुधवारी बाजार, त्या दिवशी तर नावच काढू नका. घाईचं नसेल तर दुपारी दोन ते चार या, सगळ्या गोळ्या पिशवीत घालून घेऊन या, घरात असतील तेवढ्या, जुन्या पण. स्टूल आहे बसायला.